आधी चित्र, मग सुई

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही काळाचौकीला चाळीत राहतो. माझे सासरे, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो, वय ६८, बेस्टमधून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. सासूबाई तीन वर्षांपूर्वी गेल्या. वर्ष-दीड वर्ष झालं, अण्णा रात्री तीन-चार वेळा उठतात. संडास गॅलरीच्या टोकाला आहे, त्यामुळे प्रत्येक वेळी दाराची कडी वाजते आणि मला जाग येते. लघवीची धार बारीक झालीय, थांबून थांबून होते, हे त्यांनी घरात कुणालाच सांगितलं नाही, फॅमिली डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी गेल्या दिवाळीनंतर टॅमसुलोसिन आणि ड्युटास्टराइड अशी एकत्र गोळी दिली, ती रोज रात्री चालू आहे. आता रक्त तपासलं तर पीएसए, म्हणजे मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीतून रक्तात येणाऱ्या प्रथिनाचा आकडा, ५.४ आला. रिपोर्टवर चारपर्यंत नॉर्मल असं छापलंय. सोनोग्राफीत प्रोस्टेट ५२ सीसी. युरॉलॉजिस्टनी बोटाने तपासलं, हाताला कडक काही लागत नाही म्हणाले, पण आधी प्रोस्टेटचा एमआरआय करा, मग बायोप्सीचं, म्हणजे सुईने तुकडे काढून तपासायचं ठरवू.

घरात तीन तऱ्हा झाल्यात. आमचे हे म्हणतात डॉक्टर सांगतात तसं करू. धाकटे दीर म्हणतात ५.४ म्हणजे किरकोळ, सहा महिने थांबू, आणि करायचंच तर सरळ बायोप्सी करा, एमआरआयवर पैसे कशाला घालवायचे. चिपळूणच्या आत्याबाई फोनवर रडतात की सुई लावू नका, सुईने गाठ खवळते. अण्णांना २०१९ मध्ये स्टेंट बसवलाय, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. बंद जागेची भीतीही आहे, लिफ्टमध्येसुद्धा जात नाहीत. त्यांना आम्ही ‘गाठीचा फोटो काढायचाय’ एवढंच सांगितलंय. एमआरआयमध्ये कॅन्सर कळतो का? नाही दिसला तर सुटलो का? – काळाचौकीची एक सून

उत्तर :

तुमच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाची ओळ गोळीची आहे. तुम्ही ती ओघात लिहून पुढे गेलात, मी तिथेच थांबले.

ड्युटास्टराइड ही गोळी वाढलेली प्रोस्टेट हळूहळू आकसवते. ते करताना ती रक्तातला पीएसएही खाली आणते. सहा महिने ते वर्षभर नियमित घेतली की आकडा साधारण निम्म्यावर येतो. म्हणजे रक्तात काही सुधारणा झाली असं नाही, फक्त मोजमाप खाली सरकलं. म्हणून ही गोळी चालू असलेल्या माणसाचा पीएसए वाचताना आम्ही तो अंदाजे दुप्पट धरतो. अण्णांचा ५.४ हा माझ्या लेखी पावणेअकराच्या आसपासचा आकडा आहे. लॅबच्या कागदावर हे कधीच लिहिलेलं नसतं, कारण लॅबला गोळी माहीत नसते. तिथल्या ‘चारपर्यंत नॉर्मल’वर भरवसा ठेवून धाकटे दीर म्हणतात किरकोळ, आणि त्या कागदापुरतं त्यांचं बरोबरही आहे.

हाच हिशेब आणखी एका जागी लागू होतो. मोठी ग्रंथी मुळातच जास्त पीएसए सोडते, म्हणून पीएसएला ग्रंथीच्या आकाराने भागून बघतात. त्याला पीएसए डेन्सिटी म्हणतात आणि ०.१५ ही बऱ्याच ठिकाणी पाळली जाणारी रेघ आहे. ५.४ ला ५२ ने भागा, ०.१० येतं, रेघेच्या बरंच खाली. पण १०.८ ला ५२ ने भागा, ०.२१ येतं, रेघेच्या वर. माणूस तोच, रक्त तेच, एका गोळीमुळे तो रेघेच्या या बाजूचा त्या बाजूला गेला. हे काही तंतोतंत गणित नव्हे, गोळीने ग्रंथीही थोडी लहान होत असते. पण सहा महिने थांबायचं की नाही एवढं ठरवायला हे पुरेसं आहे. थांबू नका.

म्हणून पहिलं काम : गोळी सुरू करण्याआधी कधी पीएसए केला होता का ते शोधा. जुन्या हेल्थ चेकअपचा कागद, बेस्टमधून निवृत्तीच्या सुमारास केलेली तपासणी, २०१९ च्या एंजिओप्लास्टीच्या वेळची फाइल, कुठेही असू शकेल. आणि युरॉलॉजिस्टना ही गोळी माहीत आहे ना, याची खात्री करा. अण्णांनी एकट्याने जाऊन ‘एक गोळी घेतो रात्री’ एवढंच सांगितलं असेल तर त्यांच्या वहीत तिचं नाव नसेलही. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका, तिचा उपयोग होतो आहे. दुसरं, लघवीची साधी तपासणी आणि कल्चर झालं नसेल तर करून घ्या. जंतुसंसर्ग असला, उन्हाळी लागली असली, तरी पीएसए वर चढतो. संसर्ग निघाला तर औषध घेऊन काही आठवड्यांनी पीएसए पुन्हा करतात आणि मगच पुढे जातात.

आता एमआरआय. मी गेली बावीस वर्षं अंधाऱ्या खोलीत दोन पडद्यांसमोर बसून हीच चित्रं वाचते, त्यामुळे इथे जरा जास्त लिहिणार आहे.

प्रोस्टेट मूत्राशयाच्या खाली, लघवीच्या नळीभोवती बसलेली. तरुणपणी अक्रोडाएवढी, वयानुसार वाढते. ती वाढते आतून, नळीला लागून, म्हणून धार बारीक होते. कॅन्सर मात्र बहुतेक वेळा बाहेरच्या भागात, नळीपासून लांब सुरू होतो आणि बरीच वर्षं काहीच त्रास देत नाही. म्हणजे अण्णांचं रात्री उठणं आणि अण्णांचा पीएसए या दोन वेगळ्या गोष्टी असण्याचीच शक्यता जास्त. रात्री कडी वाजते म्हणून कॅन्सर, असं समजू नका. तसंच गोळीने धार सुधारली म्हणून कॅन्सर नाही, असंही समजू नका.

एमआरआयमध्ये आम्ही एकाच ग्रंथीची तीन तऱ्हेची चित्रं घेतो. पहिल्यात ग्रंथीची रचना दिसते. बाहेरचा निरोगी भाग पाण्याने भरलेल्या स्पंजसारखा पांढरा उजळ येतो, आणि कॅन्सर असला तर त्यात काळपट डाग दिसतो. दुसऱ्यात पाणी किती मोकळेपणाने हलतंय ते मोजतो. दुपारी दोनच्या लोकलचा डबा आठवा, लहान मूल या दारापासून त्या दारापर्यंत धावू शकतं. तीच लोकल संध्याकाळी सात वाजता दादरहून विरारकडे निघालेली, आत शिरलेल्याला हात वर करून घड्याळसुद्धा बघता येत नाही. निरोगी भागात पाण्याचे कण दुपारच्या डब्यासारखे फिरतात. कॅन्सरच्या पेशी एकमेकींना इतक्या चिकटून असतात की तिथे पाणी अडकतं, आणि ते अडकणं चित्रात उमटतं. तिसऱ्यात शिरेतून गॅडोलिनियमचं कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्रात उठून दिसणारं औषध, देऊन रक्त कुठे घाईने शिरतंय ते पाहतो.

या तिसऱ्या चित्राची दरवेळी गरज असते का, यावर आता फेरविचार चालू आहे. २०२५ साली बारा देशांतल्या ४९० पुरुषांवरची एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. प्रत्येकाचं चित्र आधी कॉन्ट्रास्टशिवाय वाचलं, मग कॉन्ट्रास्टसह वाचलं. महत्त्वाचा, म्हणजे वाढून त्रास देऊ शकेल असा, कॅन्सर दोन्हींत जवळपास सारखाच सापडला, सुमारे २९ टक्क्यांत. चित्रं उत्तम निघाली तरच हे खरं, ही अट त्यात आहे. तेव्हा तुमच्या सेंटरने कॉन्ट्रास्ट नको म्हटलं तर ते काटकसर करताहेत असं मनात आणू नका, आणि हवं म्हटलं तर क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या तपासणीचा, रिपोर्ट जवळ ठेवा.

सरळ बायोप्सी का नको, हे मला माझ्या वडिलांच्या उदाहरणानेच सांगता येईल. २००८ मध्ये त्यांचा पीएसए नऊ होता. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे गुदद्वारातून सोनोग्राफीचा प्रोब घालून, ग्रंथीच्या ठरलेल्या जागांतून बारा तुकडे घेतले. सोनोग्राफीत ग्रंथी दिसते, कॅन्सर सहसा दिसत नाही. त्यामुळे सुई ग्रंथीत जाते, पण गाठीत जाते की नाही हे नशीब. तुकडे स्वच्छ आले. आम्ही पेढे वाटले. दीड वर्षाने पीएसए तेरा झाला, पुन्हा बारा तुकडे, पुन्हा स्वच्छ, आणि यावेळी तिसऱ्या रात्री थंडी वाजून १०४ ताप. पाच दिवस ते सलाइनवर होते. मी त्याच क्षेत्रात काम करणारी मुलगी, आणि त्यांच्या कपाळावर पट्ट्या ठेवत बसण्यापलीकडे मला काही करता येत नव्हतं. २०११ मध्ये आम्ही हट्टाने एमआरआय केला. गाठ ग्रंथीच्या पुढच्या बाजूला होती, जघनाच्या हाडाकडे. मागून घातलेली सुई तिथे पोचलीच नव्हती, चोवीस वेळा. आमच्या विषयात अशा डागाला एक नाव आहे, कोळशाची रेघ बोटाने पुसल्यावर जसा कडा नसलेला काळा फराटा राहतो तसा. तो मी पहिल्यांदा माझ्या वडिलांच्या चित्रात पाहिला.

त्यांच्यावर उपचार झाले, ते पुढे बरीच वर्षं जगले. पण ती तीन वर्षं वाया गेली, आणि तो ताप फुकट गेला.

त्यानंतर जगभर हा क्रम बदलला. २०१७ मध्ये ब्रिटनमध्ये ५७६ पुरुषांचा एमआरआयही केला, जुन्या पद्धतीची बायोप्सीही केली, आणि खरं-खोटं ठरवायला पूर्ण ग्रंथीतून दर पाच मिलिमीटरला तुकडे घेतले. ज्यांना खरोखर महत्त्वाचा कॅन्सर होता, अशा शंभरातल्या ९३ जणांत एमआरआयने बोट ठेवलं होतं. जुन्या बायोप्सीने ४८ जणांत. निम्म्याहून जास्त हातून निसटले होते. पुढच्याच वर्षी ५०० पुरुषांची दुसरी चाचणी आली. अर्ध्यांची सरळ बायोप्सी, अर्ध्यांचा आधी एमआरआय. एमआरआयवाल्यांपैकी २८ टक्क्यांना सुई लावावीच लागली नाही, आणि तरीही महत्त्वाचा कॅन्सर त्यांच्यातच जास्त सापडला, ३८ टक्के. सरळ बायोप्सीवाल्यांत २६ टक्के.

त्याच चाचणीतला आणखी एक आकडा मला फार मोलाचा वाटतो. निरुपद्रवी, संथ, आयुष्यभर पडून राहील असा कॅन्सर सरळ बायोप्सीत २२ टक्क्यांना निघाला, एमआरआयच्या वाटेने ९ टक्क्यांना. या वयाच्या पुरुषांत असे बारीक, झोपलेले कॅन्सर पुष्कळ असतात. आंधळी सुई ते उकरून काढते. मग कागदावर कॅन्सर हा शब्द येतो आणि ज्याला काहीच करायची गरज नव्हती तो माणूस रात्र रात्र जागतो, कधी ऑपरेशनही करून बसतो, आणि लघवी रोखण्याची ताकद घालवून येतो. एमआरआय त्यातले बरेचसे पाहतच नाही, आणि ते त्याचं मोठं उपकारक दुर्लक्ष आहे. दीर म्हणतात ते पैसे या जागी वसूल होतात.

आता तुमचा थेट प्रश्न. एमआरआयमध्ये कॅन्सर कळतो का? नाही. संशय कळतो, आणि संशय नेमका कुठे ते कळतं. कॅन्सर आहे हे फक्त मायक्रोस्कोपखाली तुकडा बघून ठरतं.

रिपोर्टच्या शेवटी एक ते पाच यांपैकी एक आकडा असेल, त्याला पायरॅड्स म्हणतात. चार किंवा पाच आला तर त्या डागातून नेम धरून बायोप्सी करतात. एक किंवा दोन म्हणजे महत्त्वाचा कॅन्सर असण्याची शक्यता कमी. असा रिपोर्ट आलेल्या दहांतले साधारण नऊ जण खरोखर त्या कॅन्सरपासून मुक्त असतात. दहावा राहतो. म्हणून ‘नाही दिसला तर सुटलो का’ याचं अण्णांपुरतं उत्तर असं की डेन्सिटी ०.२१ असताना दोन आला, तरी डॉक्टर कदाचित बायोप्सी सुचवतील, किंवा दर काही महिन्यांनी पीएसए करून लक्ष ठेवू म्हणतील. दोन्ही समंजस मार्ग आहेत. तीन हा कुंपणावरचा आकडा, आणि तिथे डेन्सिटी, घराण्यातला इतिहास, पीएसएची चढती पट्टी या सगळ्यांचा कौल घेतात. अण्णांच्या वडिलांना किंवा भावांना असं काही झालं होतं का, हे आत्याबाईंना विचारा. त्यांना रडण्याऐवजी करायला एक काम मिळेल, आणि खरोखर हे उत्तर फक्त त्यांच्याकडेच असेल.

पाच आला म्हणून कॅन्सर झालाच असंही नाही. आपल्याकडे प्रोस्टेटला क्षयरोग होतो, जुनाट सूज येते, आणि ती चित्रात कॅन्सरची इतकी हुबेहूब नक्कल करते की मी स्वतः फसले आहे. अण्णांना किंवा घरात कुणाला कधी टीबी झाला असेल तर सेंटरवरच्या फॉर्मवर लिहा. कोपऱ्यातली एवढीशी नोंद वाचणाऱ्याला फार मदत करते.

आणि आणखी एक गोष्ट, जी सांगताना माझ्याच व्यवसायाबद्दल बोलावं लागतं. एकच चित्र दोन रेडिओलॉजिस्टना दिलं तर एक तीन देईल, दुसरा चार देईल. प्रोस्टेटचे एमआरआय जिथे रोज होतात तिथला वाचणारा आणि महिन्याला एखादा वाचणारा यांच्यात फरक पडतोच. म्हणून युरॉलॉजिस्टना विचारा, ‘तुम्ही स्वतः कुठल्या सेंटरच्या रिपोर्टवर नेम धरून बायोप्सी करता?’ टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप, मशिन तीन टेस्लाचं असलं तर उत्तम, नवं दीड टेस्लाचंही चालतं. चिठ्ठीवर ‘प्रोस्टेटचा मल्टिपॅरामेट्रिक एमआरआय’ (वर सांगितलेली तिन्ही चित्रं) किंवा डॉक्टर म्हणतील तो प्रकार स्पष्ट लिहून घ्या. नुसतं ‘पेल्व्हिस’, म्हणजे ओटीपोट, लिहिलं की ढोबळ चित्रं निघतात, आणि पैसे जाऊन पुन्हा करावं लागतं. स्वस्तात पूर्ण शरीराचं पॅकेज देतो म्हणणारे फोन येतील, त्यात प्रोस्टेट या बारकाईने काढत नाहीत.

आत्याबाईंच्या भीतीची मी चेष्टा करणार नाही. ती आपल्याकडे घरोघरी आहे आणि तिला कारण आहे. पूर्वी माणसं फार उशिरा यायची, तुकडा तपासून होईस्तोवर रोग हाडांत गेलेला असायचा, आणि बघणाऱ्याला वाटायचं सुई लावली आणि सगळं बिघडलं. प्रोस्टेटमध्ये सुईच्या वाटेवर पेशी रुजल्याची उदाहरणं इतकी विरळ आहेत की त्यावरून निर्णय घेऊ नये. सुईचे खरे धोके वेगळे आहेत. काही दिवस लघवीतून, काही आठवडे वीर्यातून रक्त दिसतं. कधी लघवी अडते. आणि गुदद्वारातून केली तर जंतुसंसर्ग, माझ्या वडिलांना झाला तसा. आपल्याकडे नेहमीच्या अँटिबायोटिकला न जुमानणारे जंतू आतड्यात भरपूर असतात. यावर आता चांगला पर्याय आहे. वृषण आणि गुदद्वार यांच्यामधल्या कातडीतून सुई घालतात, आतड्याशी संबंधच येत नाही, संसर्ग बराच कमी होतो, आणि पुढच्या बाजूच्या गाठीपर्यंतही पोचता येतं. बायोप्सी करायची ठरली तर हे दोन प्रश्न जरूर विचारा : कुठून करणार, आणि एमआरआयचं चित्र सोनोग्राफीवर जुळवून नेम धरणार ना.

एमआरआय आधी, बायोप्सी नंतर, हा क्रम आणखी एका साध्या कारणानेही उलटा करू नये. बायोप्सीने ग्रंथीत रक्त साकळतं आणि चित्रात तेच डाग होऊन बसतं. मग सहा-आठ आठवडे थांबावं लागतं.

स्टेंटची काळजी नको. हृदयाचा स्टेंट एमआरआयला अडचण नाही, फक्त २०१९ चं डिस्चार्ज कार्ड आणि स्टेंटचं कार्ड बरोबर न्या. पेसमेकर असता तर गोष्ट वेगळी होती. रक्त पातळ करायची गोळी एमआरआयसाठी बंद करावी लागत नाही. बायोप्सीच्या वेळी प्रश्न येईल, तेव्हा हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही चुकवू नका. शेजारच्या कुणी सांगितलं म्हणून तर नाहीच.

आदल्या रात्री हलकं जेवण, आणि सकाळी पोट साफ. मोठ्या आतड्याच्या शेवटी वायू धरला की नेमकं ते दुसरं, पाण्याच्या हालचालीचं चित्र वेडंवाकडं येतं, आणि ते सगळ्यात कामाचं आहे. आत जाण्याआधी लघवी करून घेऊ द्या. अर्धा-पाऊण तास निश्चल पडायचं आहे. अण्णांना मध्येच जावंसं वाटलं तर ते कुणाला सांगणार नाहीत, नुसते चुळबुळत राहतील.

तुमचे यजमान बरोबर असतील तर त्यांनाही हे सांगा. किल्ल्या, मोबाइल, पट्टा, सुटे पैसे, एटीएम कार्ड बाहेर. एमआरआयचं चुंबक तपासणी चालू नसतानाही चालूच असतं, त्याला बटण नाही. २०१८ च्या जानेवारीत आपल्या मुंबईतच एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर हातात घेऊन एमआरआयच्या खोलीत शिरलेला एक तरुण नातेवाईक मशिनकडे ओढला गेला आणि त्याचा जीव गेला. कुणी म्हणालं ‘चला हो आत, काही होत नाही’, तरी थांबा आणि तंत्रज्ञाला विचारा.

बंद जागेच्या भीतीबद्दल : आधीच सांगून ठेवा, त्या दिवशी दारात नव्हे. काही सेंटरवर पाय आधी घालून करतात, तसं जमेल का विचारा. फारच भीती असेल तर डॉक्टर आधी एक सौम्य गोळी देतात. आवाज खूप येतो, ठोकल्यासारखा, घरघरल्यासारखा, त्यासाठी कानात बोळे किंवा हेडफोन देतात. आणि हातात एक रबरी फुगा देतात. तो दाबला की बाहेर घंटा वाजते आणि तंत्रज्ञ थांबवतो. अण्णांना हे असंच सांगा : आतली घंटा तुमच्या हातात आहे. एक घंटी दिली की गाडी थांबणार. ज्या माणसाने जन्मभर घंटीची दोरी ओढून बस थांबवली, त्याला हे माझ्यापेक्षा चांगलं समजेल. मी अनेकांना बाहेर मायक्रोफोनवरून सांगते, ‘आता तीन मिनिटांचं चित्र आहे, झालं की सांगते.’ मिनिटं मोजता आली की बहुतेकांची भीती अर्धी होते. तंत्रज्ञाला तशी विनंती करा.

पैशांचं. खासगी सेंटरांचे दर एकमेकांपेक्षा खूप वेगळे असतात, चार ठिकाणी फोन करा. तुमच्या घरापासून परळ लांब नाही, पालिकेचं केईएम तिथेच आहे, टाटा हे कॅन्सरचं रुग्णालयही तिथेच. पालिकेच्या रुग्णालयात दर कमी पण तारीख उशिरा मिळते. त्याची फार चिंता करू नका. प्रोस्टेटचा कॅन्सर असलाच तरी तो बहुधा संथ असतो, तीन-चार आठवड्यांनी काही बिघडत नाही. मी सहा महिने थांबू नका म्हणते, सहा दिवसांत धावा असं म्हणत नाही. पुढे उपचाराची वेळ आली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, रेशन कार्ड आणि आधार घेऊन जा. काही बिलं भरण्याआधी विचारावं, नंतर नव्हे.

टाटाचं नाव घेतल्यावर अण्णा घाबरतील, मला कल्पना आहे. काळाचौकी-लालबागच्या माणसाने टाटाबाहेरच्या फुटपाथवर गावाहून आलेली कुटुंबं जन्मभर पाहिलेली असतात. १९४१ पासून ते रुग्णालय तिथे उभं आहे, आणि आपल्याकडे ‘टाटाला नेलं’ म्हणजे संपलं असाच अर्थ झाला आहे. दुसरं मत घ्यायला तिथे जाणं म्हणजे निकाल लागणं नव्हे.

राहिलं अण्णांना सांगायचं. ‘गाठीचा फोटो’ हे तुम्ही प्रेमाने सांगितलंत. पण ते ६८ वर्षांचे आहेत, बातम्या वाचतात, चाळीत राहतात. फोटोसाठी कुणी हृदयाची फाइल शोधत नाही हे त्यांना कळतं. आणि बायोप्सीच्या कागदावर सही त्यांची लागणार आहे. लघवीचा त्रास ज्यांना सांगता आला असता त्या तुमच्या सासूबाई आता नाहीत. घरात मुलगे आहेत, सून आहे, आणि सुनेशी हे बोलायचं नाही असं ते मानतात. म्हणून हे तुम्ही नका सांगू. यजमानांना सांगा, एका संध्याकाळी गॅलरीत दोघांनीच बसा, दीर नकोत, आत्याबाईंचा फोन नको. म्हणावं, ‘अण्णा, पीएसए थोडा वाढलाय. बहुतेक वेळा ते वयाचंच असतं, कधी कधी कॅन्सर असतो. तो आहे की नाही, हे बघायला आधी चित्र काढतात. तुम्ही म्हणाल तेव्हा जाऊ.’ शब्द एकदा उच्चारला की पुन्हा दारामागे कुजबुजावं लागत नाही. ते गप्प बसले तर बसू द्या. दोन दिवसांनी स्वतःच एखादा प्रश्न विचारतील.

आणि यजमानांनी व दिरांनी एवढं लक्षात ठेवावं : अण्णांना कॅन्सर निघाला, तर पंचेचाळिशीनंतर या दोघांनाही आपला पीएसए करून घ्यावा लागेल.

एमआरआय झाल्यावर नुसता कागद घेऊन येऊ नका, चित्रांची सीडी मागून घ्या, ती तुमची आहे. बायोप्सी करणाऱ्याला आणि दुसरं मत देणाऱ्याला तीच लागते. गोळीची रिकामी स्ट्रिप फाइलच्या पहिल्या पानाला स्टेपल करून ठेवा, म्हणजे अण्णांनी सांगितलं नाही तरी ती दिसेल. रिपोर्ट आला की मला जरूर कळवा : पायरॅड्सचा आकडा, ग्रंथीचं एमआरआयवरचं माप, आणि गोळीआधीचा जुना पीएसए कुठे सापडला, तर तोही.